चिमटे परत आले

आज दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटे चक्क पुरून उरले! इतकी वर्षं आमचे निम्मे चिमटे स्वयंपाकघरातच, वेफर्स-बिस्किटांच्या फोडलेल्या पाकिटांना लावलेले असायचे. आम्ही दोघं ऑफिसातून दमून येईपर्यंत लेकीनं त्यातलं एखादं संपवलेलं असायचं. महिनाभर पाकिटं आणणं कमी केलंय. रविवारी तिघं मिळून डबाभर चुरमुऱ्यांचा चिवडा करतो. कढीपत्ता तडतडला की लेक ओरडते, "बाबा, मागे हो!" घराची सवय बदललेली अशी कुठल्या तरी दोरीवर कळते.

"अगं, चिमटे उरले!" मी गॅलरीतूनच ओरडलो.

"चिवडा नाही उरला," आतून लेकीचा भरल्या तोंडाचा आवाज आला.

आज तर बुधवारच! मी तो डबा धुतला आणि कपड्यांशेजारी उन्हात पालथा घातला.