डावा कॉर्नर

"दुखत नाय ओ मॅडम, आठवण करून देतंय."

त्याच्या कमरेवर कुठेही अंगठा दाबून "इथे दुखतंय का?" विचारलं की हे उत्तर ठरलेलं. कपाळावर घाम, मुठीत आवळलेली चादर, आणि तोंडाने मात्र आठवण. मी ठाण्याच्या नौपाड्यात बरीच वर्षं फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. दुखणं वाढवून सांगणारी माणसं रोज येतात, लपवणारीही येतात. दुखण्याचं नावच बदलून टाकणारा हा एकटा.

पहिल्यांदा आला तेव्हा दाराशी वाकला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेला आणि मगच आत आला. बाकावर बसलेल्या पेशंटना हसू आलं. तोही ओशाळला. "मॅटवर जाताना करतो ना, सवय. इथे पण गाद्या दिसल्या, झालं."

तुमच्यापैकी कुणी टीव्हीवर कबड्डीची लीग बघत असेल तर त्याला नक्की पाहिलं असणार. लक्षात मात्र राहिला नसेल. लक्षात राहतात ते चढाई करणारे. हा डावा कॉर्नर. संघाच्या अगदी कडेला गुडघे वाकवून उभं राहायचं, आणि चढाईला आलेल्याचा पाय जरा आवाक्यात आला की झेपावून घोटा धरायचा. मग समोरचा ओढत नेतो, वरून आपलेच चार गडी अंगावर पडतात, आणि शिट्टी वाजेपर्यंत पकड सोडायची नाही. मी एकदा म्हटलं, "तू कधी स्क्रीनवर नीट दिसतच नाहीस रे." तो खूश झाला. "तेच तर काम हाय. दिसलो तर तो पाय कशाला देईल?"

तो शीळफाट्याजवळच्या एका गावचा. वडील लहानपणीच गेले, थोरला भाऊ वेगळा राहायचा. घरात तो आणि आई. लीगमध्ये निवड झाली तेव्हा तिशी जवळ आली होती. गावातल्या कबड्डी मंडळानं फाट्यावर त्याचं मोठं होर्डिंग लावलं. ते होर्डिंग त्याला फार जड जायचं. "रिक्षावाले फोटोकडे बघतात, मंग माझ्याकडे बघतात, आणि बोलतात, तुझा भाऊ का रे?"

कमरेच्या मणक्यांमधली एक गादी सरकली होती आणि शीर दबत होती. उजव्या पायातून कळ थेट अंगठ्यापर्यंत जायची. तो पाय किंचित ओढत चालायचा. मॅटवर मात्र कसा कोण जाणे, दिसू द्यायचा नाही. मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं की याला औषध एकच, विश्रांती.

"सीझन संपला की."

हेच उत्तर आईला लग्नाबद्दल मिळायचं. ती कधीकधी सोबत यायची. कपाळावर मोठं कुंकू, हातात पाण्याची बाटली. माझा हात धरून म्हणायची, "बाय, तू तरी सांग ना याला. झोपत नाय गो यो. कवापण बघावं तर बसलेला."

सीझनमध्ये तो शहरामागून शहरं फिरायचा. सामन्याआधी संघाचा डॉक्टर कमरेत इंजेक्शन द्यायचा. एकदा ते कॅमेऱ्यानंही टिपलं होतं. समालोचक भारावून बोलत होता: काय जिगर, इंजेक्शन घेऊन उतरलाय बघा. क्लिनिकमधल्या टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, आणि बाकावरच्या एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या.

त्याच सीझनच्या शेवटाकडे त्याच्या लघवीच्या चाचणीत गांजा सापडला.

मला ते कळलं आमच्या काकांकडून. काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, अलीकडेच खांद्याच्या व्यायामाला नेमाने येऊ लागलेले आणि बाकावरच्या सगळ्यांना पेपर वाचून दाखवणारे. "गांजा!" ते म्हणाले. "लहान मुलं ज्यांचे फोटो भिंतीला लावतात त्यांचे हे धंदे. माझं मत विचाराल तर जन्माची बंदी घाला. पुन्हा मैदानाचं तोंड बघता कामा नये."

बाकाच्या टोकाला तो बसला होता. टोपी खाली ओढलेली. बातमीतला फोटो जुना होता, काकांनी ओळखलं नाही.

"काका, खांदा बरा हाय का?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. तू खेळतोस वाटतं? तूच सांग, बरोबर की नाही?"

"मुलांचं बोलताय ते बरोबर हाय," तो म्हणाला. "मी पण मंडळातल्या पोरांना गांजाला हात लावू देणार नाय. शिक्षा पायजेच. पण जन्माची थोडी जास्त होईल काका. मला दुसरं काय येत नाय."

काकांनी चष्मा काढला, पेपरातला फोटो पाहिला, त्याच्याकडे पाहिलं. मग पेपराची घडी केली आणि तो मांडीखाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी पुढचं काहीच वाचून दाखवलं नाही. जाताना मात्र त्याच्या पाठीवर हात ठेवून गेले.

आत टेबलावर पालथा झाल्यावर तो आपणहून बोलला. तोंड खाली, म्हणून बोलता आलं असावं.

"सीनियरला हॉटेलात एकट्याला खोली देतात मॅडम. मान म्हणून. सामना संपला, इंजेक्शन उतरलं, की तो मान आणि मी. गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी पोटात आग पडायची. गावचा एक दोस्त भेटायला आलेला, त्याच्याकडे होता. ओढला. झोप लागली. मंग लागली सवय."

मी त्याला गांजाचं कौतुक सांगितलं नाही. त्यानं शीर सुटत नाही, कळ नुसती झाकली जाते, आणि झाकलेल्या कळीवर खेळलं की आणखी बिघडतं, हे सांगितलं. सांगताना लक्षात आलं की हे सगळं त्या इंजेक्शनलाही तंतोतंत लागू आहे. मी विषय बदलला.

"नियम माहीत होता ना रे?"

"होता ना. वर्गच घेतात त्याचा. सगळ्यात पुढे मी बसलेलो."

उत्तेजकविरोधी समितीपुढची सुनावणी व्हिडिओवर होणार होती. त्याच्या घरी नेट धड नव्हतं आणि शेजारपाजार सारखा डोकावत होता, म्हणून दुपारी क्लिनिक बंद असताना त्याला माझ्याकडे बोलावलं. दुखण्याबद्दल मलाही बोलायचं होतं. एका वकिलाला मंडळानं गाठून दिलं होतं. वकील हुशार होता, आणि वाईट माणूसही नव्हता. सुरू व्हायच्या आधी त्यानं शांतपणे समजावलं: "सांगायचं, जत्रेत एका मित्रानं थंडाई दिली. भांग आहे हे माहीत नव्हतं. बहुतेक सोडतील, नाहीतर फारच थोड्यावर भागेल."

"मंग विचारतील कोणता मित्र."

"एखादं नाव सांगायचं. त्याला कोण काय करतंय?"

त्यानं खूप वेळ पंख्याकडे पाहिलं. "गावात बारा महिने राहायचंय त्याला," एवढंच म्हणाला.

पडद्यावर तीन चेहरे आले. आई बाहेर बाकावर बसली होती, दार तिनं मुद्दाम किलकिलं ठेवलं होतं. मी कमरेच्या तपासण्या दाखवल्या, इंजेक्शनांबद्दल बोलले. त्यावर मधले गृहस्थ सौजन्यानं म्हणाले की ती इंजेक्शनं नियमात बसतात, आजचा विषय तो नाही. मग त्यांनी त्याला विचारलं, या पदार्थामुळे खेळात काही फायदा होतो असं वाटलं होतं का?

"सर, फायदा झाला असता तर आमचा संघ शेवटून पहिला आला नसता."

तिघेही हसले. वकिलाच्या चेहऱ्यावर आशा दिसली. लगेच पुढचा प्रश्न आला: हे तुम्ही जाणूनबुजून घेतलं, की कुणी फसवून दिलं?

वकिलानं टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला. मला दिसलं.

"ओढला सर," तो म्हणाला. "कोणी फसवला नाय. झोप येत नव्हती."

दाराबाहेर बाटली खाली पडल्याचा आवाज झाला.

पडद्यावरची बाई पुढे झुकली. "हे तुम्ही संघाच्या डॉक्टरांना का सांगितलं नाही?" तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर संघाबाहेर बसवला असता, मॅडम."

बंदी लागली. फार मोठी नव्हती. ऐकणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. पण पुढचा सीझन त्यात गेला, आणि तिशी ओलांडलेल्या कॉर्नरला एक सीझन म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. दुसरी गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. बंदीच्या काळात त्याला गावच्या मंडळातही उतरता येणार नव्हतं. मंडळ कबड्डी संघटनेला जोडलेलं, म्हणून तिथं खेळायचं नाही, शिकवायचं नाही. दहा वर्षांचा होता तेव्हापासून ज्या मातीत रोज संध्याकाळी लोळला, तिथून पोरांचा आवाज त्याला घरात बसून ऐकावा लागायचा.

"खिडकी बंद करतो," तो म्हणाला. "पोरगा पाय चुकीचा टाकतो ते आवाजावरून कळतं. मंग बसवत नाय."

एका मुलीकडचे लोक बघून गेले होते, होकार जवळजवळ आलाच होता. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. फाट्यावरचं होर्डिंग उतरलं आणि तिथं कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लागल्या. हे त्यानंच मला हसत सांगितलं. "बरं झालं. आता भाऊ का रे, कोणी विचारत नाय." हसणं संपल्यावर मात्र तो तसाच बसून राहिला, आणि पुढच्या पेशंटला मी बाहेरच थांबायला सांगितलं.

एक गोष्ट सांगायला हवी. ज्या मित्राकडे गांजा होता, तो त्या काळात त्याच्या घराच्या पायरीवरही आला नाही. मी चिडून म्हटलं, "त्याला वाचवलंस, आणि तो बघ." त्यानं मान हलवली. "तो भितो ओ. आला की लोक दोन आणि दोन चार करतील. मी त्याच्या जागी असतो तर मी पण नसतो आलो." मग म्हणाला, "आलो असतो बहुतेक."

बंदी उठली. त्यानं जुन्या प्रशिक्षकाला फोन केला, संघांना निरोप पाठवले. कुणी नाही म्हटलं नाही. सगळे म्हणाले, कळवतो. आमच्या काकांनी लीगला इंग्रजीत पत्र लिहायची तयारी दाखवली होती. त्यानं हात जोडून नको म्हटलं. त्यानंतर तो क्लिनिकला यायचा थांबला. फोन लागेनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळलं की आईला घेऊन तो कल्याणच्या पलीकडे खडवलीला मामाकडे गेला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको त्या बाजूला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. पत्ता विचारत विचारत मामाचं शेत गाठलं. तो भेंडीच्या ओळींत वाकून काम करत होता. मला पाहून सरळ उभा राहिला, हात पँटला पुसले, काय बोलावं ते न सुचून आधी पाणी आणलं. आई वर्षापूर्वी गेली, हे तेव्हा समजलं. मामाही आता मुलाकडे कल्याणला असतो. शेतावर हा एकटा.

"इथं कबड्डीचं मंडळ असेल ना एखादं?" मी विचारलं.

"हाय. पोरं येतात बोलवायला. जाईन."

"कधी?"

तो भेंडीचं पान खुडून हातात फिरवत राहिला. मग मीच धीर करून विचारलं, "अजून ओढतोस?"

"नाय. इथं आल्यावर आपोआप सुटला. अंग टेकलं की झोप लागते." आणि जरासं हसून, "पण सुटला ते कोणाला सांगू मॅडम? इथं चाचणी घ्यायला कोणीच येत नाय."

निघताना त्यानं पिशवी भरून भेंडी दिली आणि ती स्वतःच उचलून आमच्या पुढे बांधावरून चालू लागला. इतक्या वर्षांची सवय, माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. उजवा पाय अगदी मोकळा पडत होता. कंबर सरळ होती, दोन्ही टाचा सारख्या टेकत होत्या. एक पाट आडवा आला, तो त्यानं पिशवीसकट उडी मारून ओलांडला आणि पलीकडे गुडघे वाकवून हलकेच टेकला. मी मागे उभी राहून पाहत होते. इतकं निरोगी शरीर मी माझ्या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावर पिशवी गाडीत ठेवून तो मागे फिरला, आणि तसाच तो पाट ओलांडून, निर्मनुष्य शेतातून एकटा चालत गेला.