ताप उतरला तेव्हा

"ए, उचल वं ते येडं! माहा ओटा बाटवला!"

एवढं बोलून पाटलीणबाईंनी बादली उचलली आणि माझ्या सहा वर्षांच्या भावावर ओतली. हिवाळा. रांजणातलं गार पाणी. भाऊ हलला नाही. डब्याचं झाकण ओट्यावर भिंगरीसारखं फिरवत राहिला. बाईंनी पदर खोचला, आवाज चढवला, बांगड्या वाजवल्या. तमाशाच्या फडात असत्या तर शिट्ट्या घेतल्या असत्या. अंगणात माय त्यांची तूर पाखडत होती. मान खाली घालून पाखडतच राहिली. ती खाली गेलेली मान मला बादलीपेक्षा जास्त लागली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. किन्हीराजाजवळचं आमचं गाव. बौद्ध झाल्यावर बाबांनी घरातले देव नदीत सोडले होते. भाऊ बोलत नसे. नजरेला नजर देत नसे. कुणी अंगाला हात लावला की भिंतीवर डोकं आपटे. गावानं त्याला एकच नाव ठेवलं होतं. येडं.

दुसऱ्या दिवशी तो तापानं फणफणला. कान तर आधीच वाहत होता. आणि हातातलं झाकण सुटलं. त्यानं मायकडं पाहिलं. सरळ डोळ्यांत.

"माय, पानी."

माय धावत सुटली. "बोलला वं माहा लेक!" भेटेल त्याला सांगितलं. तिथंच चुकलं.

घटकाभरात पाटलीणबाई नारळ घेऊन दारात. "देवी आली याच्या अंगात!" कालच्याच ओट्यावर पाट मांडला. भावाला बसवलं. कपाळभर कुंकू. सुनेला ओढत आणलं.

"सांग देवी, नातू कवा?"

"पानी," भाऊ म्हणाला.

"पानी म्हंते! नदीवर न्या सुनेले!"

मला हसू फुटणार होतं. पण त्याचं अंग तव्यासारखं होतं, ओठ फाटले होते. मायच्या मुठीत मेडशीच्या डॉक्टरची गोळी होती. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"गोळी देऊ नको. ताप उतरला तं देवी जाईल."

आणि माय थांबली. देवीसाठी नव्हे. तिला पुन्हा 'माय' ऐकायचं होतं. खरं सांगते, मलाही.

भावाचे डोळे वर फिरू लागले. मी ओट्यावर चढले. चौदा वर्षांची, मातीच्या पायांनी.

"काल पानी ओतलं तवा कुठी होती तुमची देवी?"

मायच्या मुठीतली गोळी हिसकावली. त्याच्या तोंडात घातली. बाईंच्याच तांब्यातून पाणी पाजलं. माझ्या ओढणीनं कुंकू पुसलं.

दुपार कलताना त्याला घाम फुटला. ताप उतरला, तशी नजरेतली ओळखही गेली. हात झाकण शोधू लागले.

"येडं ते येडंच," बाई म्हणाल्या.

"असू द्या. आमचं हाय."

माय कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

ऑटिझम हा शब्द फार उशिरा ऐकला. ताप आला की भाऊ अजूनही क्षणभर आपल्यात येतो. कान दुखला की डोकं आपटतो. अंगाची आजाराशी झुंज सुरू झाली की वागणं का बदलतं, हे मी प्रत्येक डॉक्टरला विचारते. बरेच हसतात. "भास असेल, बाई. उठा आता."

ओट्यावरून आम्हाला उठवलं होतं. आता मी उठत नाही. त्याला ताप यावा असं कधी मागणार नाही, पण उत्तर मागणार. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत, भावाला शेजारी बसवून. झाकण फिरू दे टेबलावर.