बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

शिंपीमास्तरांच्या बायकोला दुकानातली एक वस्तू डोळ्यांसमोर नको वाटे, ती म्हणजे बटणांचा डबा. मास्तर कपडे बेतायचे आणि शिवायचे, ती काजं-बटणं करायची. डब्याच्या कडेच्या कप्प्यात मात्र रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. दर वेळी पट्टीतून गोळी काढायची म्हणजे मास्तरांना खोळंबा. म्हणून त्यांनी सगळ्या एकदाच सोलून ओतल्या होत्या. स्वतःच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या त्याही, आणि थोरले भाऊ अर्धांगाने गेल्यावर वहिनींनी 'फेकायच्या कशाला' म्हणून पाठवलेल्या त्याही. कोणती कोणाची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

गोळ्यांना खडूची भुकटी, मशीनचं तेल, दोऱ्याची लव, काय वाटेल ते चिकटलेलं. डोकं जड झालं की मास्तर एक उचलत, पँटला पुसत आणि कोरडीच गिळत. गिऱ्हाइकाशी वाजलं असेल तर दोन. डोकं शांत असलं की आठवडा आठवडा एकही नाही.

बायकोला ते बघवत नसे. "अहो, झुरळं फिरतात त्या डब्यात."

"पोटात गेल्यावर सगळं सारखंच," मास्तर म्हणत. ताटातला केस असो की उष्टा पेला, त्यांचं उत्तर हेच. तिला आता त्या उत्तराचाच वीट आला होता.

एका सकाळी एकजण बाह्या तोकड्या झाल्या म्हणून येऊन वाट्टेल ते बोलून गेला. मास्तरांनी दोन गोळ्या तोंडात टाकल्या. नंतर कोणाचं तरी माप घ्यायला म्हणून ते खुर्चीवरून उठले आणि टेपसकट खाली कोसळले. चेहरा पांढराफटक, अंग घामाने गार. बायको घाबरून खाली बसली. त्यांच्या ओठाला गोळीचा ओला चुरा होता आणि त्यात निळा धागा अडकलेला. नवरा जातो की राहतो अशी वेळ, आणि तिला किळस आली.

"कोणती गोळी घेतली?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पांढरी. गोल."

"निम्म्या गोळ्या तशाच असतात हो. दाब पार खाली गेलाय तुमचा." त्या वैतागल्या होत्या. "दाब वाढलेला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. डोक्याला विचारून औषध घ्यायचं नसतं. उद्यापासून रोज, ठरल्या वेळी, बरं वाटत असलं तरी. एखादी चुकली तर पुढे दोन घ्यायच्या नाहीत. आणि दुसऱ्याची तर कधीच नाही."

संध्याकाळी वहिनी भेटायला आल्या, तेव्हा बायको नाकाला पदर लावून तो कप्पा रिकामा करत होती. मूठभर तरी गोळ्या निघाल्या.

"जाऊबाई, तुम्ही पाठवल्यात, पण भाऊजींच्या एवढ्या उरल्याच कशा?"

"उरणार नाहीत तर काय," वहिनी म्हणाल्या. "बरं वाटतंय तर कशाला खायची, हेच त्यांचं. डोकं दुखलं तरच घ्यायचे. शेवटच्या महिन्यात तर दुखलंच नाही."

शेजारी पडलेल्या मास्तरांनी मान वळवून रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळची गोळी तू दे मला," ते म्हणाले.

"मी नाही देणार," बायको म्हणाली. "तुमची तुम्हीच घ्यायची. हात धुऊन, पाण्याबरोबर. मी समोर बसेन."