ओजिमातले ओतव्हिलकर

रिपोर्टरच्या घरात रद्दी साठते आणि डोक्यात किस्से. रद्दी निदान महिन्याला बाहेर काढता येते! माझ्या डोक्यातले सगळ्यात जास्त किस्से मंत्रालयातले नाहीत, कोर्टातलेही नाहीत. ते आहेत नव्वदच्या दशकातल्या टोकियोतले, ओजिमा नावाच्या वस्तीतल्या एका हॉलमध्ये दर शनिवारी जमणाऱ्या मंडळाचे.

नवऱ्याला तिकडे सॉफ्टवेअरचं काम मिळालं, म्हणून मी पंधरा वर्षांची नोकरी सोडून गेले. "आता जरा शांत बसशील," श्रीकांत म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात मी भांडायला जागा शोधली!

चार-पाच निवृत्त जपानी माणसं, इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून इतिहासावर इंग्रजीतून वाद घालायची. वर्षानुवर्षं विषय एकच, ओतव्हिल. फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं मध्ययुगीन, किरकोळ सरदार घराणं. त्यातली मुलं इटलीत गेली आणि वंशज सिसिलीचे राजे झाले.

रेल्वेतून निवृत्त झालेले कुरोदा-सान म्हणायचे, हियाल्ट नावाच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दीने गाव वसवलं, त्याच्यावरून हे नाव. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या इशिई-सान म्हणायच्या, "ओतव्हिल म्हणजे उंचावरचं गाव. बस्स. हियाल्ट मागाहून कुणीतरी चिकटवलाय."

कुरोदा-सानांची एकच इच्छा होती. मंडळाच्या पुस्तिकेत हियाल्टवरचा आपला लेख छापून यावा. आणि नियम असा की, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय छापायचं नाही!

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पुरावा काय?"

असं तोंडावर तिथे कुणी विचारत नाही. कुरोदा-सानांनी तीन जाड पुस्तकं पुढे ठेवली. मी तासभर चाळली. तिघांनी एकमेकांचंच उतरवलेलं!

"हे तीन साक्षीदार नाहीत," मी म्हणाले, "एकाच अफवेचे तीन फोन आहेत."

कुरोदा-सान कमरेत वाकले. "थँक यू. पुढच्या शनिवारी चौथं आणतो."

*

एकदा मी ज्ञान पाजळलं. "आमच्याकडे अर्ध्या लोकांची आडनावं गावावरून. ओतव्हिलचे ते ओतव्हिलकर. मी पिंपळगावकर. यात भांडण्यासारखं काय आहे?"

इशिई-सानांनी वही उघडली. "पिंपळगावं किती आहेत?"

"पुष्कळ."

"त्यातलं तुमचं कुठलं?"

घरी येऊन पुण्याला फोन लावला. सासरे अण्णा म्हणाले, "अगं, नाशिककडचं! विचारायचं काय त्यात?" मागून आत्याबाई ओरडल्या, "काहीतरीच काय दादा, बीडकडचं!"

"अण्णा, पुरावा काय?"

"पुरावा? मी सांगतोय ना तुला!"

शनिवारी मंडळाच्या वहीत माझ्या नावापुढे लागलं, 'मूळ गाव : वादग्रस्त.'

*

आमचा आवाज इतका चढायचा की, शेजारच्या पुष्परचनेच्या वर्गाने तक्रार केली. हॉलचे मॅनेजर आले. आधी त्यांनीच आमची माफी मागितली, मग भांडण कशावरून म्हणून विचारलं. कुरोदा-सानांनी समजावून सांगितलं. मॅनेजर दीड तास बसले आणि उठताना म्हणाले, "मला हियाल्ट पटतो."

इशिई-सान कडाडल्या, "तुम्ही आवाज बंद करायला आला होता!"

*

श्रीकांत एकदाच आला. वीस मिनिटं ऐकून म्हणाला, "दोघांचंही बरोबर असू शकेल की!"

त्या दिवशी मंडळात पहिल्यांदा एकमत झालं. याला परत आणायचं नाही.

*

मग कुरोदा-सान हॉस्पिटलात गेले. आता फार दिवस नाहीत, असं त्यांच्या मुलीने कळवलं. मंडळाने ठरवलं, जाऊन सांगायचं, तुमचंच बरोबर, छापतोय. मी आयुष्यात खात्री नसलेली बातमी दिली नव्हती. पण मीही मान डोलावली. इशिई-सानांनी लेखाची प्रत पिशवीत टाकली.

दुपारी आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. एकेकाने वाकून सांगितलं, "हियाल्टच. एकमत झालंय."

कुरोदा-सानांनी आमच्याकडे बघितलं. "थँक यू," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

इशिई-सान दारातच थांबल्या होत्या. त्या पुढे आल्या. "मला मान्य नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेखाचं सातवं पान साफ चुकलंय."

मला वाटलं, बाईंना हाताला धरून बाहेर काढावं!

कुरोदा-सान हळूहळू या कुशीवर वळले. उशीशेजारी चाचपडून त्यांनी चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला.

"कुठली ओळ?"