लिंपलेली ढोली

फोनवर तरी कान दे गं सुमे. महिना झाला, आजीला विसरलीस ती विसरलीसच.

आज पिकल्या उंबरांचा वास आला आणि गिरगावातली चाळ आठवली. गॅलरीला टेकलेल्या आंब्याच्या ढोलीचं तोंड लिंपलेलं, आत धनेशाची मादी, चोचीपुरती फट. मला वाटलं, कुणी कोंडलंय. उलथणं घेऊन खरवडायला निघाले, तर शेजारच्या मालवणी काकींनी हात धरला. “अगो, पिलांसाठी तिनाच लिंपून घेतल्यान. घोव भरवता तिका.”

पण नर सकाळपासून दिसेना. भात करपला तरी आम्ही दोघी कठड्यापासून हललो नाही. दुपारी तो आला, लांब चोचीने एकेक उंबर फटीतून देऊ लागला. काकी त्याच्यावरच डाफरल्या. “मेल्या, खंय होतंस?”

आता वाटतं, दया करता करता मी तिचं घरच मोडलं असतं. सुटले बाई. तू मात्र लवकर ये.