कुडपणचा कडू घास

ताईला घराबाहेर काढायचं, एवढाच या सहलीचा बेत होता. तिचा एकुलता एक योहान गेल्या वर्षी तापाने गेला. तेव्हापासून माझ्या या बहिणीने चर्च सोडलं आणि माझ्यामागे एकच प्रश्न लावला, "देव सर्वसमर्थ आहे ना? मग का नाही वाचवलं त्याला?" म्हटलं, चल, प्रश्नालाही घेऊन जाऊ डोंगरावर.

पनवेलहून रेल्वेने वीर, तिथून रिक्षाने महाड. (भाडं आधी ठरवा, नंतरची हुज्जत वाचते.) महाडला मिसळ खाऊन एसटीने पोलादपूर आणि पुढे ठरवलेली जीप. वळणं अशी आहेत की ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची सीट धरावी. मी धरली नाही आणि भोगलं. कुडपणच्या पठारावर पोचल्यावर मात्र गार वाऱ्याने डोकं ताळ्यावर आलं.

जेवण पार्वतीकाकूंकडे. म्हशी सांभाळून त्या पाहुण्यांचंही करतात, फक्त आदल्या दिवशी कळवावं लागतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. ताईने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"पोरं किती गो तुला?" काकूंनी विचारलं.

"एक होता."

काकू भाकरी थापायच्या थांबल्या. "मंग कडू घास कोनी दिला तुला?"

मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्यांना आग्रहाने भरवतात, तो कडू घास. आमच्याकडे आले ते सगळे ताईला समजावायला आले होते.

"आम्ही ख्रिस्ती आहोत," ताई पुटपुटली.

"मंग? तुमच्यात काय रडत नाय?" काकू तिच्याशेजारी बसल्या आणि घास तिच्या तोंडाशी धरला. "माझा थोरला गेला तवा मला बी नको व्हतं. खा." दुसरा घास त्यांनी त्याच ताटातून स्वतः खाल्ला. ताई हमसून रडली. मीही रडले, लपवत नाही.

उतरताना जीपमध्ये ती म्हणाली, "काकूंनी घास दिला. देवाने काय दिलं? तो तर थांबवू शकत होता."

"शकत होता," मी म्हणाले. "का थांबवलं नाही, मला माहीत नाही. पण मेलेल्या लाजराला उठवायची ताकद असलेला येशू आधी त्याच्या कबरीकडे जाताना रडला. पुढे क्रूसावर स्वतः मेला. लांबून बघत बसणारा देव नाहीये आपला. आणि तो मेलेल्यांतून उठला, म्हणून योहानचंही सगळं मातीत संपलेलं नाही. यावर मी आयुष्य लावलंय, ताई."

ती म्हणाली, "लाजराच्या बहिणीने येशूला तोंडावर सुनावलं होतं. तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता, म्हणून."

"हो. आणि तो तिच्यावर चिडला नाही."

कुडपणला जरूर जा, फक्त पावसाळ्यात नको, घाटात दरडी येतात. दुःख तिथे सोडून येता येतं, असं मात्र मी सांगणार नाही. ताईचं घरी आलंच, प्रश्नही आला. फक्त हल्ली ती तो मला विचारत नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि देवाशी भांडते, मोठमोठ्याने. मी निर्धास्तपणे बाहेर पेपर वाचत बसते. जो नाहीच असं वाटतं, त्याच्याशी कोणी इतकं भांडत नाही.