मोजपट्टीबाईंची साक्ष

बुद्धी मोजणं हेच काम, म्हणून ऑफिसातले लोक त्यांना पाठीमागे मोजपट्टीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ठोकळे, चित्रं, शब्दार्थ, स्टॉपवॉच. समोरच्याला घाम फुटला तरी बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलत नसे. "घरी तरी मोजू नकोस गं," नवरा म्हणायचा.

त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मात्र बाईंनाच घाम फुटला. नवरा गेलेल्या एका तरुण मुलीचं तान्हं बाळ तिच्या दीर-जावेला हवं होतं. ती मंद आहे, तिला मूल सांभाळता यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुरावा होता बाईंचाच अहवाल, आणि त्यातला आकडा खरोखरच फार कमी होता.

मुलीचा वकील उठला. "मॅडम, बुद्धी म्हणजे काय?"

"शिकण्याची, समजून घेण्याची, नव्या प्रसंगातून वाट काढण्याची कुवत." बाईंना हे तोंडपाठ होतं.

"मग ठोकळ्यांच्या परीक्षेत हिला शून्य का?"

बाईंनी हातातला अहवाल मिटला. "ती मधेच उठून बाहेर पळाली. बाळ जावेच्या मांडीवर खोकत होतं. जाऊ म्हणाली, साधा ठसका आहे. हिने त्याला पालथं घालून पाठीवर थापट्या मारल्या, तर तोंडातून बटण पडलं. परत आली ती बाळाला छातीशी धरूनच, ठोकळ्यांना हात लावीना. घड्याळ चालूच होतं."

दिराचा वकील ताडकन उभा राहिला. "पिल्लाला तर मांजरही जपतं! त्याला काय बुद्धी म्हणायचं?"

"मला नाही सांगता येत."

"तुम्हाला नाही, तर कुणाला?" न्यायाधीशांचा आवाज चढला. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले. एवढ्या वर्षांचे सगळे अहवाल आता लोक उकरून काढणार, हे बाईंना कळत होतं.

"मी जे मोजलं ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "औषधाच्या बाटलीवरचं हिला वाचता येत नाही. मदत लागेल. पण ही आई म्हणून कशी आहे, ते माझ्या आकड्यात नाही. ते मी लिहायला हवं होतं."

निकाल त्याच दिवशी लागला. बाळ आईकडेच राहील. एक नर्स येऊन औषधपाणी बघेल, काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल. जाऊ मुसमुसत बाहेर गेली. साहेब बाईंकडे न बघता निघून गेले.

व्हरांड्यात मुलीने बाईंना गाठलं. "मी पास झाले का हो?"

"अजून नाही. बघणार आहेत काही महिने."

"बघू देत," ती म्हणाली आणि बाळाचा निसटलेला मोजा वर ओढू लागली.